विचारा तर खरं : एक्स्प्रेस तिकिटाचे पैसे द्यायचे का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला जायचं म्हणतोय. मी, हे, नववीतला मुलगा, तिसरीतली मुलगी, सासूबाई आणि कॉलेजला असलेले धाकटे दीर. भाऊबीज झाल्यावरचा रविवार ठरतोय, पहाटे निघून रात्री घरी. तिकिटं बघताना दिसलं की जादा पैसे भरले तर एक्स्प्रेस तिकीट मिळतं आणि रांगेत ताटकळावं लागत नाही. मुलगा हट्टाला पेटलाय. हे म्हणतात, उभं राहायला काय पैसे पडतात का? तुम्ही वर्षानुवर्षं सहली नेता, म्हणून विचारते. घ्यावं का?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : ताई, सहाजणांना अजिबात घेऊ नका. घ्यायचंच झालं तर दोघांना घ्या, मुलाला आणि दिरांना. तेही रविवार बदलणं जमत नसेल तरच.

आधी एक घोळ निस्तरू. बरेच जण समजतात की घरून ऑनलाइन तिकीट काढलं म्हणजे रांग चुकली. चुकते ती फक्त गेटवरच्या तिकीट खिडकीची. आत प्रत्येक राइडला वेगळी रांग असते आणि तिथे ऑनलाइनवाला आणि खिडकीवाला एकाच माळेचे मणी. एक्स्प्रेस ही त्या आतल्या रांगांसाठीची गोष्ट. वंडरला पार्कात त्याला फास्टट्रॅक म्हणतात, सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज पार्कात एक्स्प्रेसच. नाव काही असो, बारीक अक्षरात दोन गोष्टी शोधायच्या : कुठल्या राइडना चालतं आणि एका राइडला किती वेळा चालतं. ‘निवडक राइड’ असं लिहिलेलं असेल तर ती यादी उघडून वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

आता तुमची माणसं बघू. सासूबाई नायट्रोत बसणार आहेत का? ती रोलर कोस्टर पायाखाली जमीन नसलेली आहे, पाय लोंबकळत उलटीपालटी होते. माझ्या सहलीतल्या बचत गटाच्या बायका ती खालून बघूनच हात जोडतात. सासूबाईंना ‘आय फॉर इंडिया’सारखी बसून बघायची राइड, शो आणि मधेमधे टेकायला जागा एवढं पुरे. बसून बघायच्या ठिकाणी एका वेळेला पुष्कळ माणसं आत घेतात, त्यामुळे रांग लांब दिसली तरी भरभर सरकते. तिथे जादा पैसे कशाला?

मुलगी तिसरीत, म्हणजे उंची सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास असेल. मोठ्या कोस्टरना बहुतेक पार्कांत त्याहून जास्त उंची लागते. निघण्याआधी तिला दाराच्या चौकटीला टेकवून पेन्सिलीने खूण करा, टेपने मोजा आणि पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडपुढे दिलेल्या उंचीशी ताडून बघा. चप्पल काढून मोजा, कारण राइडच्या तोंडाशी पट्टी घेऊन उभा असलेला पोरगा टाचा उचललेल्या लगेच ओळखतो. मुलगी बसू शकत नाही म्हणजे तिच्यासोबत तुमच्यापैकी एकजण कायम खालीच. झाले की तीन एक्स्प्रेस बाद! साहेबांना कोस्टरची हौस आहे असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही.

राहिले मुलगा आणि दीर. तिकिटांचे दर तारखेप्रमाणे खालीवर होतात, म्हणून हिशेबापुरते माणशी ८०० रुपये जादा धरा. सहाजणांचे ४,८०० होतात, दोघांचे १,६००. गर्दीच्या दिवशी त्या दोघांचे प्रत्येकी दोन तास वाचले, तर तासाला माणशी ४०० रुपये पडले. गर्दी नसेल तर अर्धाच तास वाचेल आणि तोच तास १,६०० रुपयांना पडेल. म्हणजे प्रश्न गर्दीचा आहे, आणि गर्दी कधी असते हे आम्हा सहलवाल्यांना पार्कवाल्यांइतकंच ठाऊक असतं.

तुम्ही निवडलेला रविवार सगळ्यात वाईट. पार्क भरलेलं असणारच, शिवाय सुट्टी संपत आल्यावर गावाला आलेली पुण्या-मुंबईची मंडळी परतीला लागतात. आनेवाडीच्या टोलनाक्यापासून गाड्यांची रीघ, पुढे नवले पुलावर तुंबलेलं, वाकडला पुन्हा तुंबलेलं. साताऱ्याहून खोपोली-पाली रस्त्यापर्यंत पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर आहे. सहाला निघालात तर चहा-नाश्ता धरून दहा-साडेदहा सहज वाजतात, आणि पोहोचता तेव्हा मुंबईकर तासभर आधीच येऊन रांगेत लागलेला असतो.

म्हणून माझा सल्ला असा. साताऱ्याच्या माणसाचं पुण्यात कुणी ना कुणी असतंच. वाकड-चिंचवडकडे असेल तर सोन्याहून पिवळं. आदल्या रात्री त्यांच्याकडे जा, कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन जा, आणि सकाळी तिथून निघा. तास-सव्वातासात पोहोचता. गेट उघडायच्या अर्धा तास आधी दारात उभे राहा. आत शिरल्यावर गर्दी पहिल्यांदा गेटजवळ फोटो काढत रेंगाळते, मग समोर दिसेल त्या पहिल्या राइडला चिकटते. तुम्ही मुलाला आणि दिरांना तडक नायट्रोकडे पिटाळा, मग डीप स्पेस या अंधारातल्या कोस्टरकडे. सुरुवातीच्या तासात त्यांच्या दोन मोठ्या राइड उरकल्या की एक्स्प्रेसचं निम्मं काम फुकटात झालं. सासूबाई आणि मुलीला घेऊन तुम्ही दोघं सावकाश आत या.

वार बदलता आला तर आणखी उत्तम, पण ‘आडवार म्हणजे रिकामं’ हे डिसेंबर-जानेवारीत धरू नका. त्या दिवसांत मंगळवारी-बुधवारीसुद्धा शाळांच्या सहलींच्या बस ओळीने लागलेल्या असतात. त्यातली एक खुबी सांगते. शाळेची पोरं जेवायला सगळी एकदम बसतात, शिक्षकांना डोकी मोजायची असतात ना! एक ते दोनच्या दरम्यान मोठ्या राइडच्या रांगा एकदम ओसरतात. आणि लांबच्या शाळा चार-पाचला बस सोडतात, तेव्हा पुन्हा. तुम्ही साडेअकराला डबा उघडा किंवा थेट अडीचला.

मुलाला एक काम द्या, हट्टही उतरेल. रांगेच्या शेवटी उभं राहून पुढची माणसं अंदाजे मोजायची. एका खेपेला किती बसतात आणि किती मिनिटांनी खेप सुटते ते घड्याळ लावून बघायचं. समजा २८ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी खेप सुटते. पुढे २८० माणसं असतील तर दहा खेपा, म्हणजे अर्धा तास. आता हेच गणित एक्स्प्रेसवाले धरून करायचं. प्रत्येक खेपेत आठ जागा त्यांना गेल्या तर साध्या रांगेला २० उरल्या, म्हणजे चौदा खेपा आणि ४२ मिनिटं. पाटीवर ‘३० मिनिटं’ लिहिलेलं असतं आणि आपण पाऊण तास उभे असतो, त्यातलं बरंचसं कोडं इथे सुटतं. नववीतल्या पोराला शेकडेवारीच्या दहा गणितांपेक्षा हे जास्त कळेल.

अजून एक. पाऊस लांबला, वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि थांबवायलाच हव्यात. पण एका पार्कात (नाव लिहीत नाही) माझ्या गटातल्या कॉलेजच्या पोरांनी मनगटाला एक्स्प्रेसची पट्टी बांधली आणि तासाभरात सगळ्यात मोठी राइड बंद पडली. काउंटरवर गेलो तर उत्तर, ‘पैसे परत मिळत नाहीत मॅडम, दुसऱ्या राइडला वापरा.’ दुसरी राइड म्हणजे जिथे मुळात रांगच नव्हती. म्हणून पट्टी आधी घेऊ नका. मोठी राइड सुरू आहे का ते बघा, रांग मोजा, आणि आतल्या काउंटरवर मिळत असेल तर तेव्हा घ्या. गर्दीच्या दिवशी संपून जाते हा धोका आहे, पण तुमच्या दोघांपुरता तो पत्करण्यासारखा आहे.

प्रश्न : पैसेवाल्याने पुढे जायचं आणि गरिबाच्या पोराने उन्हात उभं राहायचं, हे तुम्हाला पटतं का? पर्यटनाच्या सदरात हा प्रश्न बसत नसेल तर छापू नका.
– एक निवृत्त वाचक, तासगाव

उत्तर : बसतो की काका, छापतेय. एक्स्प्रेसची रांग आणि साधी रांग जिथे एकत्र येतात तिथे कधी पाच मिनिटं उभे राहा. हातात दोरी धरलेला मुलगा इकडचे चार सोडतो, तिकडचे दहा थांबवतो. थांबवलेल्यांत पहिलं उभं असलेलं पोर एक्स्प्रेसवाल्यांच्या मनगटाकडे बघत असतं, आणि मग आईकडे. वरच्या उत्तरात तीसाची बेचाळीस झाली, ती जादा बारा मिनिटं त्या पोराच्या खिशातून जातात. पार्कवाला त्याला भरपाई देत नाही, उलट तीच मिनिटं दुसऱ्याला विकतो. साधी रांग जितकी कंटाळवाणी, तितकं एक्स्प्रेस जास्त खपतं, हे मला खटकतं.

हे अटळ होतं असंही नाही. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत १९९९ साली फास्टपास आला तो फुकट होता. आधी वेळ घ्यायची आणि त्या वेळेला यायचं, गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखंच. ती फुकटची सोय जाऊन पैसे मोजून रांग चुकवायची पद्धत तिथे २०२१ मध्ये आली. आपल्याकडे कासला फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी करून जातो, ती याच जातीची सोय.

पण पैसे देऊन पुढे जाणं आपल्याला नवं नाही, काका. तिरुपतीला ३०० रुपयांचं दर्शन आहे, रेल्वेला तत्काळ आहे. माझं स्वतःचं विचाराल तर देवळात मी पास घेत नाही. पंढरपूरच्या दर्शनबारीत शेजारची बाई आपल्या सुनेचं सगळं पुराण सांगते, आपण आपलं सांगतो, मला ते हवं असतं. पार्कात मात्र सहलीबरोबर असले आणि बस सुटायला दोन तास उरले असले, तर पोरांना घ्या म्हणते. हे तुम्हाला दुटप्पी वाटेल, वाटू द्या. फक्त मोठ्या गटात काहींना पट्टी आणि काहींना नाही, असं मी होऊ देत नाही. घेतली तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. घरच्या माणसांत चालतं, कारण तिथे कोण कशात बसणार हे सगळ्यांना माहीत असतं.

प्रश्न : मुलगा मित्रांबरोबर डिसेंबरच्या सुरुवातीला सिंगापूरला जाणार आहे. युनिव्हर्सलला एक्स्प्रेस घ्यावं की अनलिमिटेड?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबर म्हणजे तिथल्या शाळांची मोठी सुट्टी, त्यामुळे गर्दी असणारच. साधं एक्स्प्रेस यादीतल्या प्रत्येक राइडला एकदाच चालतं, अनलिमिटेड कितीही वेळा. तीच राइड चार-चारदा करणाऱ्यांतला असेल तरच अनलिमिटेड, नाहीतर एकदाचं पुरे. दर तारखेवर ठरतो, म्हणून सुट्टीच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळून तारीख बघायला सांगा. आणि काही राइडना ‘सिंगल रायडर’ अशी वेगळी रांग असते. डब्यात सुटी राहिलेली एखादी जागा भरायला तिथून एकेकटा माणूस घेतात, जादा पैसे पडत नाहीत. मित्रांशेजारी बसायचा हट्ट सोडला तर एक्स्प्रेसचे पैसे वाचतील आणि त्यात सेंटोसाहून, म्हणजे युनिव्हर्सल ज्या बेटावर आहे तिथून, परत येऊन रात्रीचं जेवण होईल.