वर्गातली कामं कोण करतं?

पंचवटी, नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी मुलगा-मुलगी भेदभावावर तास घेणार आहेस आणि त्यासाठी घोषवाक्यं शोधतो आहेस, असं लिहिलंस. घोषवाक्यं नकोत. 'मुलगा-मुलगी एक समान' हे पोरं एका दमात म्हणतील आणि मधल्या सुट्टीत पोरींना क्रिकेटमधून हाकलून देतील. या वयात सांगितलेलं पटत नाही, डोळ्यांनी बघितलेलं पटतं.

तुझी शाळा दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात आहे, तर तिथूनच सुरुवात कर. काहीही न सांगता शेतकऱ्याचं चित्र काढायला दे. बहुतेक कागदांवर टोपी-मिशांचा बाप्या येईल, मुलींच्या कागदांवरसुद्धा. चित्रं भिंतीला लाव आणि एवढंच विचार, 'काल तुमच्या बागेत कामाला कोण कोण होतं?' उत्तरं फळ्यावर लिहीत जा. कुणाची आई घड विरळायला, कुणाची आजी काड्या वेचायला, कुणाची मावशी पॅकिंगला. फळा बायकांनी भरेल आणि भिंतीवर सगळे पुरुष. तिथे थांब, निष्कर्ष तू सांगू नकोस. 'मग माझ्या आईला का नाही काढलं मी?' असं कुणीतरी म्हणेलच. नाही म्हणालं कुणी, तर चित्रं तशीच राहू दे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.

चौथीला पुढचा प्रश्न झेपतो: सातबारा कुणाच्या नावावर आहे? १९८६ साली आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. पुढे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांनी जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर केला. हे मुलांना जरूर सांग. ठरलेली गोष्ट माणसं बदलू शकतात, हे त्यांना आपल्या मुलखातलं उदाहरण ऐकून कळेल.

आता तुझ्या वर्गाकडे बघ. रांगोळी, औक्षण, पाहुण्यांना पाणी मुलींकडे. बाकं उचलणं, घंटा देणं, माईक मुलांकडे. असं असेल तर तुझा तास फुकट आहे. कामं हजेरी क्रमांकाने फिरती ठेव, झाडूपासून घंटेपर्यंत. प्रश्न विचारताना तू कुणाचं नाव आधी घेतोस, तेही एक आठवडा वहीत टिपून बघ. उशीर मात्र करू नकोस. २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता. 'खूप खूप हुशार' माणूस कोण, असं विचारल्यावर पाच वर्षांच्या मुली मुलांइतक्याच आपल्या बाजूने बोलत होत्या, सहा-सात वर्षांच्या मुली मागे सरत होत्या. म्हणजे आपल्या पहिली-दुसरीचं वय.

मुलग्यांनाही विसरू नकोस. 'पोरीसारखा रडतोस काय' हे वाक्य वर्गात आलं की ते तसंच जाऊ देऊ नकोस. रागावू नकोस, विचार, 'रडणं फक्त पोरींचं, हे कुणी ठरवलं?' 'कुणी ठरवलं' हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसला की ती तो एकमेकांना आपणहून विचारू लागतात. तुलाही विचारतील. तेव्हा खरं उत्तर दे.

एक जपायचं. मुलांना घरी भांडायला पाठवू नकोस. आठ वर्षांचं पोर बापाला उलटून बोललं तर मार त्याला बसतो, नाहीतर बोलणी त्याच्या आईला. त्यापेक्षा सगळ्यांनाच घरातलं एक काम शिकून यायला सांग: स्वतःचं ताट घासणं, भाजी निवडणं. एखादे आजोबा तावातावाने येतील, 'आमच्या नातवाला बायकांची कामं शिकवता?' त्यांना खुर्ची दे, पाणी दे, वाद घालू नकोस. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र छापलं होतं, ते मिळालं तर दाखव. छापील पुस्तकाचा मान गावात अजून आहे.

आणि पालकसभा सकाळी अकराला ठेवू नकोस. त्या वेळी आया बागेत असतात, सभेला येतात ते गावात मोकळे असलेले पुरुष. संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर ठेव, आणि निरोप धाडताना आईचं नाव घालून धाड.

तुझी,
बाई