थोरात-तांबे आणि संगमनेर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाळासाहेब थोरात वडिलांच्या जिवावरच आमदार झाले, असं आमच्याकडे सर्रास बोलतात. खरं का?

अर्धं खरं. वडील भाऊसाहेब थोरात स्वातंत्र्यसैनिक, पुढे आमदार. साखर कारखाना, दूध संघ यांतून त्यांनी संगमनेर तालुका बांधला. पण १९८५ साली काँग्रेसने बाळासाहेबांना तिकीट दिलं नाही. ते अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. म्हणजे वारशाने पक्षाचं तिकीट मिळवून दिलं नाही, माणसं मात्र दिली. ज्याच्या घरात दुधाचं बिल आणि उसाचा पहिला हप्ता येतो, त्याला थोरातांची ओळख करून द्यावी लागत नाही. नवख्या उमेदवाराला ही ओळख कमवायला दोन-तीन निवडणुका जातात, तोवर खिसाही रिकामा होतो.

तरी २०१९ पर्यंत सलग आठ वेळा निवडून येणं आणि महसूलसारखं खातं सांभाळणं एवढ्या एका शिदोरीवर होत नाही.

प्रश्न : मग २०२४ मध्ये ते पडले कसे?

शिवसेनेचे (शिंदे गट) अमोल खताळ पहिल्यांदाच आमदार झाले, मतांचा फरक साधारण दहा हजारांचा. राज्यभर महायुतीची लाट होतीच. पण मला वाटतं, सगळ्या संस्था एकाच घराभोवती असल्या की नाराजीही त्याच एका दारात जमा होते. कारखान्यावर रुसलेला, नोकरी न मिळालेला, रस्त्यावर चिडलेला, सगळ्यांचं बटण एकच.

प्रश्न : त्यांचे भाचे सत्यजित तांबे अपक्ष आमदार आहेत. ते उद्या एखाद्या पक्षात जाऊ शकतात का?

आमदारकी राखून नाही. २०२३ साली नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसचं तिकीट वडील सुधीर तांबे यांना होतं. त्यांनी अर्जच भरला नाही, मुलाने अपक्ष भरला. पक्षाने वडिलांना निलंबित केलं, मुलगा विधान परिषदेवर गेला. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने नंतर पक्षप्रवेश केला, तर तो अपात्र ठरतो. नामनियुक्त (निवडून न येता नेमलेल्या) सदस्याला सहा महिन्यांची सवड असते, अपक्षाला एक दिवसाचीही नाही. सभागृहात बाहेरून कुणालाही पाठिंबा द्यायला मात्र मोकळीक आहे, आणि आपल्याकडचे अपक्ष ती पुरेपूर वापरतात.

प्रश्न : मी त्या वेळी पदवीधर मतदार होतो. पुढच्या वेळी नाव आपोआप येईल ना?

नाही. ही यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते. नमुना १८, म्हणजे नावनोंदणीचा अर्ज, पुन्हा भरा, पदवीची प्रत जोडा. पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. घराण्याचे कार्यकर्ते नेमके इथेच पुढे असतात : तुमचा अर्ज तुमच्याआधी त्यांच्याकडे तयार असतो.