आकृती काढणारे टूल आणि न दिसणारा कॅनव्हास

प्रश्न : मी पिक्सेल आर्टसाठी एक लहानसा संपादक लिहिला आहे. एआय एजंटला (स्वतः पावले ठरवून काम करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला) त्यात रेषा, आयत आणि लंबवर्तुळ काढता यावे म्हणून एक टूल, म्हणजे त्याला आकडे देऊन वापरता येईल अशी सोय, जोडले असून त्याच्या वर्णनात ‘दिलेल्या दोन बिंदूंमध्ये हवा तो आकार काढते’ एवढेच लिहिले आहे. एजंट टूल व्यवस्थित वापरतो, एररही येत नाही, तरी चित्रात कुठे एक रांग कमी पडते, तर कुठे वर्तुळ एका बाजूला सरकते. वर्णनात आणखी काय लिहावे?

उत्तर : आपण हे वर्णन माउस धरणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असावे. माउस ओढताना आकार डोळ्यांदेखत वाढत जातो आणि एखादा पिक्सेल इकडेतिकडे झालाच, तर माणूस हात किंचित सरकवून चूक जागच्या जागी दुरुस्त करतो. एजंट मात्र आकडे आधी ठरवतो, ते टूलकडे पाठवतो आणि परत येईल त्या उत्तरावर विसंबून पुढच्या कामाला लागतो. त्यामुळे माणसाला जे नुसते पाहून कळते, ते एजंटसाठी शब्दांत लिहून ठेवावे लागते.

सर्वप्रथम कडांचा नियम लिहा, कारण आपली हरवलेली रांग बहुधा तिथेच सापडेल. (२, ३) ते (५, ७) असा भरीव आयत मागितला आणि दोन्ही टोके आयतात धरली, तर तो ४ पिक्सेल रुंद व ५ पिक्सेल उंच होतो आणि एकूण २० पिक्सेल रंगतात. शेवटचे टोक वगळण्याची प्रथा पाळली, तर तेच आकडे ३ × ४ म्हणजे १२ पिक्सेल रंगवतात. प्रोग्रॅमिंगमध्ये दोन्ही प्रथा रूढ असल्यामुळे एजंट यांपैकी कोणतीही गृहीत धरू शकतो. ‘दोन्ही टोके धरून’ हे तीन शब्द लिहा आणि हेच उदाहरण पिक्सेलांच्या संख्येसह त्याखाली द्या. आरंभबिंदू डावीकडे वरच्या कोपऱ्यात आहे, मोजणी ० पासून सुरू होते आणि y खाली जाताना वाढतो, हेही सांगा. शाळेतल्या आलेखात y वर जाताना वाढतो, म्हणून हे वाक्य अनावश्यक समजू नये.

वर्तुळ सरकण्याचे कारण वेगळे आहे. केंद्राचा पिक्सेल आणि त्रिज्या दिली, की व्यास नेहमी विषम येतो : त्रिज्या ३ असेल तर ७ पिक्सेल. १६ × १६ पिक्सेलांच्या कॅनव्हासला मधला पिक्सेलच नसल्यामुळे असे वर्तुळ त्यात बरोबर मध्यभागी कधीच बसत नाही. म्हणून लंबवर्तुळ आणि वर्तुळ दोन्ही बाहेरच्या चौकटीवरून काढावीत. (४, ४) ते (११, ११) अशी चौकट दिली, की ८ पिक्सेल व्यासाचे वर्तुळ ठीक मध्यावर येते.

रेषेबाबत एक बारकावा सहसा कुणी लिहीत नाही. रेषेसाठी कोणते पिक्सेल रंगवायचे हे ठरवणाऱ्या, ब्रेझनहॅमच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने, किंवा तिच्या एखाद्या सुधारित रूपाने, (०, ०) ते (७, ३) रेषा काढली, तर प्रत्येक ओळीत दोन-दोन पिक्सेलांच्या सुबक पायऱ्या पडतात. तीच रेषा (८, ३) पर्यंत नेली, की x = ४ ला y बरोबर १.५ येतो आणि पिक्सेल वरच्या ओळीत जावा की खालच्या, हे टूलच्या नियमावर ठरते. दिशा उलटताच हा निर्णय बदलत असेल, तर एका टोकाकडून काढताना २, ३, २, २ अशा पायऱ्या मिळतात आणि दुसऱ्या टोकाकडून काढताना २, २, ३, २ अशा. सममित चेहऱ्याचे दोन गाल वेगळे दिसू लागतात ते यामुळेच. शक्य असल्यास टूलमध्येच दिशा ठरवून टाका. नाहीतर निदान नियम लिहून ठेवा. कडा मऊ करण्यासाठी अर्धपारदर्शक छटा मिसळल्या जात नाहीत, हेही त्याच परिच्छेदात येऊ द्या.

रंगाबद्दल थोडक्यात : पूर्ण पारदर्शक रंग दिल्यास खालचा पिक्सेल पुसला जातो की तसाच राहतो, हे स्पष्ट करा. खोडरबर म्हणून एजंट हमखास हाच मार्ग धरतो.

खरे तर वर्णनाइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व मी टूलच्या उत्तराला देईन. नुसते ‘झाले’ असे उत्तर निरुपयोगी असते. आकार कॅनव्हासबाहेर गेला आणि टूलने तो गुपचूप कापला, तर एजंट पूर्ण आकार उमटला असेच धरून चालतो. त्याऐवजी ‘१४ पिक्सेल बदलले, ६ कॅनव्हासबाहेर राहिले, बदललेला भाग (१२, ३) ते (१५, ७)’ असे उत्तर आले, तर त्याला चूक स्वतःच उमजते. चित्र लहान असेल, तर बदललेला भाग अक्षरांच्या जाळीच्या रूपात परत पाठवणेही उपयोगी ठरते.

प्रश्न : प्रत्येक आकारासाठी वेगळे टूल करावे का?

उत्तर : तीन-चार आकारांसाठी एकच टूल पुरते. आकाराचे नाव ठरलेल्या यादीतूनच निवडता येईल अशी अट घाला आणि प्रत्येक पॅरामीटरचा (टूलला द्यायच्या प्रत्येक माहितीचा) नियम त्याच्याच वर्णनात लिहा. मात्र ‘भरीव’ हा पर्याय रेषेला लागू नसेल, तर तो चुकून दिल्यावर टूल काय करते, तेही तिथेच नोंदवा.