'पासून प्रेरित' की 'ने प्रेरित'?

प्रश्न असा आला आहे: "जॉन रेनबॉर्न या लोकगिटारवादकाचा 'द लेडी अँड द युनिकॉर्न' हा अल्बम पूर्वीच्या संगीतपरंपरांपासून प्रेरित आहे, असं मी एका लेखात लिहिलं. मित्र म्हणतो 'परंपरांनी प्रेरित' हवं, बहीण म्हणते 'परंपरांवरून'. बरोबर काय?"

व्याकरणापुरतं मित्राचं बरोबर. 'प्रेरित' म्हणजे प्रेरलेला, ढकललेला. ज्याने ढकललं त्याला मराठीत तृतीया लागते: रागाने पेटलेला, लोभाने प्रेरित. 'पासून' चालतं ते 'प्रेरणा' या नामाबरोबर: परंपरांपासून प्रेरणा घेतली. गोंधळ बहुधा हिंदीतून आला असावा. हिंदीचा 'से' आपल्या 'ने'चं काम करतो आणि 'पासून'चंही. 'से प्रेरित' मराठीत आणताना आपण दोहोंतला नको तो उचलतो. बहिणीचा 'वरून' मात्र अस्सल मराठी आहे, फक्त त्याला 'प्रेरित' नको, 'सुचलेला' किंवा 'घेतलेला' हवा.

पण मला खरी अडचण 'प्रेरित'चीच वाटते. प्रत्यय दुरुस्त केला तरी वाक्य काही सांगत नाही. अल्बम 1970चा. त्यात 14व्या शतकातल्या इटालियन नाचांच्या धुना आहेत, जर्मन संगीतकार बाखची एक साराबांद (एका जुन्या नाचाच्या घाटाची रचना) आहे आणि 'स्कारबरो फेअर'सारखी इंग्लंडची लोकगीतंही आहेत. बाखची रचना गिटारवर वाजवली तर ती बाखने 'प्रेरित' कशी? ती बाखचीच, गिटारवर उतरवलेली. याच रेनबॉर्नने 1968च्या अल्बममध्ये जुना इंग्लिश संगीतकार विल्यम बर्डची 'द अर्ल ऑफ सॉल्झबरी' ही पव्हान, म्हणजे संथ दरबारी नाचाची धून, घेतली होती. मूळ रचना व्हर्जिनल या पट्ट्यांच्या वाद्यासाठी, 17व्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या 'पार्थेनिया' संग्रहातली. तिलाही 'उतरवलेली' हाच शब्द शोभतो. (त्या अल्बमचं लांबलचक शीर्षक मुद्दाम जुनाट स्पेलिंगमध्ये आहे. आज कुणी सीडीला लीळाचरित्राच्या मराठीत नाव द्यावं, तसं.)

त्याच 1968च्या अल्बममधली 'लेडी गोज टू चर्च' ही त्याची स्वतःची रचना, पण कान फसतो, जुनीच वाटते. तिला 'जुन्या वळणाची' किंवा 'जुन्या धाटणीची' म्हणा. जुनी धून घेऊन तिच्यावर स्वतःची मांडणी केली असेल तर 'बेतलेली'. शिंपी कापड बेततो तो हा शब्द: ताग्यातलं कापड दुसऱ्याचं, माप आणि कात्री आपली. ('जिवावर बेतणं' ही निराळी भानगड, तिथे नको शिरायला.) आणि जुन्या सुरांवर नवे शब्द बसवले असतील तर आपल्याकडे 'चाल' आहेच. किर्लोस्करी नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द सरळ देत. उसनवारीची नोंद करायची ही किती स्वच्छ पद्धत! हे सगळे शब्द हाताशी असताना एकट्या 'प्रेरित'ला राबवणं हा आळस आहे.

आता 'पूर्वीच्या परंपरा'. परंपरा म्हणजे एकामागून एक, न तुटलेली साखळी. 'स्कारबरो फेअर' तोंडातोंडी, पिढ्यांमागून पिढ्या आलं, तिथे शब्द चपखल बसतो. पण 'द लेडी अँड द युनिकॉर्न'मधले ट्रॉट्टो आणि साल्तारेल्लो हे नाच लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या एका हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आले आहेत. मधली कित्येक शतकं ते कुणी कुणाला शिकवत आलं नव्हतं. साखळी तुटली होती, उरला होता तो कागद. त्यांना परंपरा म्हणण्यापेक्षा 'जुनं संगीत' म्हणावं, आणि ते 'पूर्वीचं' आहे हे वेगळं सांगायची गरज उरत नाही.

जाता जाता 'लोकगिटारवादक'. 'लोकशाहीर' म्हटलं की अण्णा भाऊ साठे डोळ्यांपुढे येतात, लोकांचा शाहीर. त्याच न्यायाने लोकगिटारवादक म्हणजे मोर्च्यात गिटार घेऊन निघालेला माणूस वाटतो. रेनबॉर्न तसा नव्हता. 'पेंटँगल' या गटात तो लोकगीतं, जॅझ आणि ब्लूज एकाच दमात वाजवायचा. 'लोकसंगीत वाजवणारा गिटारवादक' लांब आहे, पण फसवत नाही.

तेव्हा मी लिहिलं असतं: "गिटारवादक जॉन रेनबॉर्नने 'द लेडी अँड द युनिकॉर्न'मध्ये मध्ययुगीन नाचांच्या धुना आणि बाखची एक रचना गिटारवर उतरवली आहे, जोडीला इंग्लंडची लोकगीतंही आहेत." वाक्य वाढलं खरं. संपादक शब्द मोजत असतील तर 'जोडीला'पासून पुढचं कापा, 'उतरवली' मात्र राहू द्या.