‘देव मला विसरला’ असं म्हटलं तर पाप लागतं का?

हा प्रश्न बायका मला आवाज खाली आणून विचारतात. आधी घरचं, तब्येतीचं बोलून होतं आणि निघता निघता हे बाहेर पडतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही, लागत नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून वेंगुर्ल्याकडच्या एका ताईंची हकिकत सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पन्नाशी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या. आधी वडील अंथरुणाला खिळले, मग आई. दोघांचं सगळं यांनीच केलं. भावाची मुलं यांच्या हातची पेज जेवून मोठी झाली आणि मुंबईला गेली. चर्चमधल्या वेदीची कापडं धुऊन इस्त्री करायचं कामही वर्षानुवर्षं यांच्याकडेच. धाकट्या पुतण्याचं लग्न झालं, अल्बम घरी आला. रोसाच्या, म्हणजे लग्नाआधी नारळाचा रस लावण्याच्या विधीच्या, दिवशीच्या एका फोटोत नारळाचा रस काढणारे हात दिसतात, ते ताईंचे. चेहरा मात्र अख्ख्या अल्बममध्ये कुठेच नाही.

“देव माका इसारलो,” त्या म्हणाल्या आणि घाईघाईने क्रूसाची खूण केली.

त्यांना आधीच पुष्कळ सल्ले मिळाले होते. रोझरी, म्हणजे माळेवरचा जप, वाढव. आजाऱ्यांना भेटायला जा, मन रमेल. आणि नेहमीचं एक वाक्य: गुप्तात पाहणारा पिता तुझं सगळं बघतोय. या शेवटच्या सल्ल्याचा मला राग येतो. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू हे बोलतो ते दानधर्माचा, प्रार्थनेचा देखावा करू नका हे सांगताना. देव बघतोय म्हणून घरच्यांनी बघितलं नाही तरी चालेल, असं तो कुठेही म्हणत नाही. आणि जिने आयुष्यभर सेवाच केली, तिला आणखी सेवा सांगायची?

आम्ही बायबलमधलं स्तोत्र १३ उघडलं. त्याची सुरुवातच तक्रारीने होते: प्रभू, किती काळ मला विसरणार, कायमचाच का? ताईंनी हे आधी ऐकलंही असेल, पण ते स्वतःच्या तोंडून म्हणता येतं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मग स्तोत्र ८८ दाखवलं. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरीही पवित्र शास्त्रात आहे आणि प्रार्थना म्हणूनच आहे. रडणं थांबवायचं नाही आणि लगेच ‘आभार मान’ म्हणायचं नाही, एवढं पथ्य मी पाळलं. देवाशी भांडणाऱ्या माणसाने देवाशी बोलणं सोडलेलं नसतं.

पुढच्या भेटीत मी योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढला. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षांपासून आजारी असलेला माणूस पडून आहे. पाणी हलतं तेव्हा मला आत सोडायला कोणी नाही, असं तो म्हणतो. तिथे आजाऱ्यांची गर्दी होती, पण येशूने त्याला पडलेलं पाहिलं आणि आधी विचारलं, तुला बरं व्हायचंय का? ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मला काय हवंय ते कोणी विचारलंच नाही कधी.”

म्हणून मी विचारलं. त्याआधी जेवण-झोपेचं विचारलं होतं. संध्याकाळी चहा-बटर, रात्री काही नाही, पहाटे तीनला जाग. इथे मला नेहमी बायबलमधला संदेष्टा एलीया आठवतो. मला मरण दे म्हणून तो झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. ‘मी एकटाच उरलो’ या त्याच्या म्हणण्यावर देवाने उत्तर दिलं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर: इस्राएलात सात हजार अजून शिल्लक आहेत. ताईंना मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त बरंच कमी निघालं.

हवं होतं ते फार मोठं नव्हतं. रविवारी कोणीतरी त्यांच्यासोबत जेवावं आणि पुतण्याने फोन करावा. हे त्यांनी पुतण्याला स्वतः सांगावं, असा मी आग्रह धरला. देवावरचा भरवसा आणि माणसांकडे मागणं यांत मला विरोध दिसत नाही. त्या दोन महिने टाळत राहिल्या, मग एकदाच्या बोलल्या. तो आधी चिडला, नंतर रडला. आता फोन येतो, कधी चुकतोही. फादरांच्या सांगण्यावरून वेदीच्या कापडांचं काम तीन घरांत वाटलंय. शेजारची बाई रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, ताईंकडे जेवायला थांबते आणि सोलकढी तिच्या घरून येते. स्तोत्र १३ त्या अजूनही म्हणतात, वाईट दिवशी मोठ्याने.

तुमचंही असं होत असेल तर ती तक्रार आधी देवापाशी मोठ्याने करा, मग एका माणसापाशी. उदासी, झोप आणि भूक यांचं गणित दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.