पिटुनियाचं बी उगवतच नाही!

प्रश्न: ताई, मी जुळे सोलापूरला राहते. मे महिन्यात पिटुनियाचं बी कुंडीत टाकलं, वर बोटभर माती घातली, रोज तांब्याने पाणी, तरी एक कोंब नाही. बी खराब होतं का?

उत्तर: अहो, बिचाऱ्याला गाडलंत की! हे बी मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक, त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ओल्या कोकोपीटवर (म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर) नुसतं भुरभुरायचं, हलकंच दाबायचं आणि पाणी स्प्रेनेच, तांब्याने सगळं वाहून जातं. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर, माणूस कोमेजतो तिथं कोंबाचं काय. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरा, ७ ते १४ दिवसांत उगवेल, जानेवारीत आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास फुलं. तोवर हात शिवशिवत असतील तर जुलैत झेंडू टाका, त्याला थोडी माती चालते.