'विद्यार्थी' कुठे तुटतो? मुक्त साधनांविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिलीच्या मुलांसाठी अक्षरओळखीचा छोटा गेम करायचा आहे. मागे गोडो हे गेम बनवायचं साधन वापरून पाहिलं होतं, पण मराठी अक्षरं उलटसुलट दिसली म्हणून सोडून दिलं. पुन्हा वेळ घालवू का? (सांगली)

जरूर घालवा. तुम्ही बहुधा गोडोची तिसरी आवृत्ती घेतली असणार. तिच्यात अक्षरं टंकली त्याच क्रमाने एकापुढे एक बसत. त्यामुळे 'किती'मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाई आणि जोडाक्षरं फुटत. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत मजकूर मांडण्याचा भाग नव्याने लिहिला गेला आणि त्यात हार्फबझ ही मुक्त लायब्ररी (कुणालाही वापरता-बदलता येणारा तयार कोडचा संच) आली. फायरफॉक्स आणि क्रोममध्ये देवनागरी जुळवण्याचं काम हीच करते. एका प्रकल्पात झालेली मेहनत दुसऱ्याच्या कामी येते, म्हणूनच मला ही साधनं इतकी जवळची वाटतात.

गोडो इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडली की सुरू. शाळेतले संगणक जुने असतील तर प्रकल्प सुरू करतानाच 'कंपॅटिबिलिटी' रेंडरर (चित्र काढण्याची हलकी पद्धत) निवडा. गेम ब्राउझरमध्ये चालवणार असाल तर मुक्तासारखा देवनागरी फॉन्ट प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील. मुक्ता हा मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या गटाचा फॉन्ट, मुक्त परवान्याखाली मिळतो.

उद्या हे सगळं पैसे देऊन घ्यावं लागेल का, अशी भीती बाळगू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या दुसऱ्या गेम-साधनाच्या कंपनीने इन्स्टॉलच्या संख्येवर शुल्क जाहीर केलं आणि जगभरचे गेमवाले हवालदिल झाले. वर्षभराने ते मागे घेतलं गेलं. गोडो २०१४ पासून एमआयटी या, कोड वापरू-बदलू देणाऱ्या सैल परवान्याखाली आहे. आज तुम्ही उतरवून घेतलेल्या आवृत्तीवर नंतर कुणालाही नवी अट लादता येत नाही.

प्रश्न : एका संस्थेच्या वेबसाइटवर शीर्षकाचं एकेक अक्षर वरून खाली येताना दाखवायचं आहे. अ‍ॅनिमेशनची लायब्ररी इंग्रजीत छान चालते. मराठीत काने-मात्रे सुटे पडतात आणि ठिपक्यांची वर्तुळं दिसतात. (पुणे)

हा प्रश्न मला वारंवार येतो, म्हणून जरा खोलात जातो. 'विद्यार्थी' हा शब्द घ्या. वाचताना आपल्याला तीन अक्षरं दिसतात : वि, द्या, र्थी. जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेला लांबी विचारली तर ती दहा सांगते, कारण तिच्या लेखी व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी असे दहा सुटे कोड आहेत. तुमची लायब्ररी प्रत्येक कोड वेगळ्या स्पॅनमध्ये (पानावरच्या वेगळ्या कप्प्यात) घालते. वेलांटी एकटी पडली की तिला टेकायला व्यंजन उरत नाही, म्हणून ब्राउझर ठिपक्यांचं वर्तुळ काढतो. र सुद्धा एकटा पडतो, मग रफार होणार कसा?

यावर उपाय जावास्क्रिप्टमध्येच आहे : इंटल-सेगमेंटर (Intl.Segmenter), म्हणजे मजकुराचे तुकडे पाडणारी सोय. त्याला भाषा मराठी आणि एकक 'ग्राफीम' (वाचणाऱ्याला दिसणारं एक अक्षर) सांगा, शब्द हाती द्या, आणि मिळालेले तुकडे स्पॅनमध्ये घाला. एक मेख आहे. नवे ब्राउझर 'द्या' अखंड देतात, काही जुने 'द्' आणि 'या' असे दोन तुकडे करतात. म्हणून तुकडा हलन्तावर संपला आणि पुढे व्यंजन आलं, तर दोन्ही जोडायचे. पुढे मोकळी जागा असेल तर जोडायचे नाहीत, नाहीतर 'अर्थात्' पुढच्या शब्दाला चिकटेल.

आणि कृपा करून सीएसएसमधलं (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतलं) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं वाढीव अंतर, देवनागरीवर लावू नका. शिरोरेषा तुटते. पानाची भाषाही मराठी अशी नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्यामुळे ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात.

प्रश्न : क्लायंट विचारतो, 'फुकटचं सॉफ्टवेअर वापरलंय, उद्या कोर्टकचेरी तर नाही?' काय सांगू? (कोल्हापूर)

परवान्याची फाइल उघडून दाखवा. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, थ्री-जेएस या लायब्रऱ्या एमआयटीखाली आहेत. धंद्यासाठी खुशाल वापरा, फक्त मूळ हक्कांची सूचना आणि परवान्याचा मजकूर काढून टाकू नका. एजीपीएल हा परवाना दिसला तर थांबा. त्यातला कोड बदलून सर्व्हरवर चालवलात, तर वापरणाऱ्यांना बदललेला कोड देणं भाग असतं.

परवान्यापेक्षा मला काळजी वाटते ती एकमेकांवर रचलेल्या पॅकेजांची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या गाठोड्यांची. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या भांडारावरून काढून घेतलं आणि असंख्य प्रकल्पांचे बिल्ड कोलमडले. लॉक-फाइल (कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती घेतली याची नोंद) कोडसोबतच जतन करा. दहा ओळींचं काम असेल तर ते स्वतः लिहा.

प्रश्न : बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुक्त प्रकल्पात काम करायचं आहे, पण इंग्रजी कच्चं आणि कोडही जेमतेम. (नाशिक)

तुमच्याकडे मराठी आहे. ती या प्रकल्पांत काम करणाऱ्या बहुतेकांना येत नाही. आपली अक्षरं चुकली हे त्यांना दिसणारच नाही, तुम्हाला पहिल्या नजरेत दिसेल. असा दोष सापडला की इश्यू (प्रकल्पाच्या पानावर दोषाची तक्रार) नोंदवा : एक छोटा शब्द, तो कसा दिसायला हवा त्याचं चित्र, कसा दिसतो त्याचं चित्र, ब्राउझर आणि लायब्ररीची आवृत्ती. एवढ्याला चार वाक्यांचं इंग्रजी पुरतं. फक्त आधी शोधून पाहा, तोच दोष कुणी नोंदवलेला असेल तर तिथेच आपलं उदाहरण जोडा.

भाषांतर हाही मार्ग आहे. चित्रं आणि अ‍ॅनिमेशन करायच्या पी५-जेएस या लायब्ररीचं संकेतस्थळ हिंदीतही वाचता येतं, ते अशा कामामुळेच. तुम्ही पाठवलेल्या कामाला उत्तर यायला कधी कधी कित्येक आठवडे जातात. पलीकडचा माणूस नोकरी सांभाळून रात्री हे करत असतो. आठवण एकदा करा, नम्रपणे करा. वरच्या उत्तरातला 'विद्यार्थी' तीन-चार अ‍ॅनिमेशन लायब्रऱ्यांत घालून बघा. पहिला इश्यू तिथेच मिळण्याची शक्यता मोठी आहे.